बोटाला काही लागता कामा नये

नाही, मला एक सांगा, दाराचं हँडल चिकट का असावं?

साधा प्रश्न आहे. हँडल थंड असावं, गुळगुळीत असावं, फार तर त्याचा एखादा स्क्रू ढिला असावा, पण चिकट? आणि तेही कुठलं, तर आमच्या कंपनीतल्या चाखायच्या खोलीचं, जिथे दिवसभर एकच गोष्ट सिद्ध करायचं काम चालतं, की आमचं चॉकलेट कसंही खा, बोटाला काही लागत नाही. त्याच खोलीच्या दाराचं आतल्या बाजूचं हँडल माझ्या तळहाताला असं बिलगलं, जशी काही मी त्याची जत्रेत हरवलेली बहीण, आणि मी दचकून किंचाळले. आता मी दचकतेच हो, त्यात नवीन काही नाही. टोस्टरमधून पाव वर आला तरी दचकते, कुणी मागून नुसतं 'अगं' म्हटलं तरी दचकते, आई तर म्हणतेच, "या दचकण्यापायी एक दिवस नोकरी जाईल बघ तुझी." पण त्या दिवशी दचकून झाल्यावरही काहीतरी खटकत राहिलं. आणि मी काय केलं? ओल्या कागदाने हँडल पुसलं आणि जागेवर जाऊन बसले. एवढं कॉलेज शिकून शेवटी हेच यायला लागतं, पुसायचं आणि बसायचं.

थांबा हं. रिंग जातेय.

जातेय... जातेय... नाही उचलत.

तर तुम्हाला सांगते, आत्ता मी उभी आहे ती आमच्या कारखान्याच्या पॅकिंग हॉलमध्ये. डोक्यावर जाळीची टोपी, जी घातली की भला माणूससुद्धा पिशवीतल्या कोबीसारखा दिसतो, अंगात पांढरा कोट, त्यात माझ्यासारख्या दोघी मावतील. समोर मशीन, आमच्या घरापेक्षा लांब. मशीनपाशी मशीनवाले मामा, म्हणजे माझे मामा नव्हेत, अख्ख्या कारखान्याचे मामा, आणि त्यांचा अंगठा हिरव्या बटणापासून इतका, म्हणजे इतकाच लांब. तिकडे गावाच्या दुसऱ्या टोकाला, भाड्याने घेतलेल्या एका हॉलमध्ये, बसलेत आमचे साहेब, आमच्या मार्केटिंगच्या ताई, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा आटापिटा चाललाय त्या दुकानवाल्या बाई. दुकानवाल्या म्हणजे एखादं दुकान नव्हे, कुठल्याही नाक्यावर उभं राहून दगड मारला तर यांच्याच दुकानाची काच फुटावी, इतकी दुकानं. बाई तिथे आमचं नवीन चॉकलेट खाणार, 'हो' म्हणणार, साहेब मला फोन करणार, मी मामांकडे बघून मान हलवणार, मामा बटण दाबणार. आणि फोन नाहीच आला तर? तर चारचा भोंगा झाला की बटण दाबायचंच, असं साहेबांनी बजावून ठेवलंय, कारण टाकीत कॅरमल तापवून तयार आहे, जास्त वेळ ताटकळलं तर मशीनच्या पाइपांमध्येच गोठून बसेल. एकदा सुरू झालं की वेष्टनाच्या छापलेल्या कागदाचे सगळे रोल संपेपर्यंत मशीन थांबणार नाही, आणि ट्रक फाटकाशी तोंड करून उभेच आहेत.

आणि मी मघापासून साहेबांना फोन लावतेय तो एवढंच सांगायला, की साहेब, थांबा. बाईंना खायला देऊ नका. मशीन सुरू करू नका.

का, ते सांगते. पण आधी हे खूळ निघालं कुठून ते ऐका, म्हणजे मी कसल्या माणसांत दिवस काढतेय ते तुमच्या लक्षात येईल.

खूळ निघालं एका अंगठ्यातून. साहेबांच्या. आमचे साहेब म्हणजे दार कोपराने उघडणारा माणूस. लिफ्टचं बटण किल्लीने दाबतात. खिशात दोन रुमाल, एक हात पुसायला आणि दुसरा पहिल्या रुमालाला हात लावल्यावर पुसायला. असा माणूस चॉकलेटच्या धंद्यात पडावा, याला काय म्हणायचं? तर एकदा दुकानवाल्या बाईंबरोबर त्यांचा व्हिडिओवर कॉल चालला होता. बाई बोलत होत्या, साहेब एका हाताने मान हलवत... म्हणजे मानेने मान हलवत, आणि एका हाताने आपलंच जुनं चॉकलेट खात होते. मध्येच आवाज बंद करायला त्यांनी अंगठा दाबला. अंगठ्याला कॅरमल. फोनला काय कळणार कॅरमलमधून? साहेबांना वाटलं झाला आवाज बंद, आणि ते शेजारी बसलेल्या ताईंना म्हणाले, "ही बाई स्वतः काही खात नाही आणि दुसऱ्याला सुखाने खाऊ देत नाही."

तिकडून एकदम शांत आवाज आला. बाईंचा आवाज कसा, माहीत आहे? कुकरची शिट्टी व्हायच्या आधी एक क्षण सगळं गप्प होतं ना, तसा.

"तुमचा आवाज येतोय," बाई म्हणाल्या. "असं करा, आधी तुमच्या बोटांचा काहीतरी बंदोबस्त करा. खाल्लं आणि बोटाला लागलं नाही, तर माझ्या सगळ्या दुकानांत तुमचा माल. लागलं, तर एकाही नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मीटिंग. साहेब उभे राहिले, रुमालाने खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाले, "आजपासून एकच ध्यास. बोटाला काही लागता कामा नये." आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं हो. जसं काही विसरायची भीती. मार्केटिंगच्या ताई तर डोळे मिटून म्हणाल्या, "साहेब, हे नुसतं पॅकिंग नाहीये. हा एक एक्सपिरियन्स आहे. आपण लोकांना त्यांची बोटं परत देतोय."

परत देतोय म्हणजे? इतके दिवस होती कुणाकडे?

पण असं विचारायचं नसतं. मी शिकाऊ. साहेबांनी माझ्याकडे पेन्सिलीचं टोक रोखलं, हो, बोट नाही, पेन्सिल, आणि म्हणाले, "तू वेष्टनांचंच शिकून आलीयस ना? मग कर. तुझं मशीन ज्या दिवशी सुरू होईल, त्या दिवशी तू पक्की." पक्की नोकरी, कळलं ना? म्हणजे हे मशीन सुरू झालं की मी पक्की, आणि मीच इथे उभी राहून ते सुरू होऊ नये म्हणून धडपडतेय. माझ्यासारखी शहाणी मीच.

घरी जाऊन आईला सांगितलं. आई बालवाडीत शिकवते. तिचा सगळा जन्म चिकट बोटांत गेलाय. कुणी तिच्या पदराला पुसतं, कुणी खुर्चीला, एकाने तर तिच्या वेणीला पुसली होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, एक्सपिरियन्ससकट, आणि म्हणाली, "नळ आहे ना?"

म्हटलं, "अं?"

"नळ. आहे ना? मग खा आणि धू की हात."

"अगं आई, हल्ली लोकांच्या एका हातात फोन असतो..."

"मग दुसऱ्या हाताने खा आणि धू. आणि धुवायच्या आधी बोटं चाट. बोटं चाटायला मिळतात म्हणून तर पोरं खातात. तुम्ही तेवढंच काढून घ्यायला निघालात, आणि त्याचं कॉलेज असतं?"

थांबा, रिंग जातेय. या वेळी ताईंना लावलाय.

जातेय... जातेय... ताईसुद्धा नाही. एरवी ताईंच्या हातून फोन सुटत नाही, जेवताना भिंतीला टेकवून ठेवतात समोर.

"काय ताई, सोडू का?" हे मामा, मलाही ताईच म्हणतात. त्यांना घरी जायचंय. चारच्या भोंग्याला त्यांची पाळी संपते, मशीन सुरू करून दिलं की ते मोकळे. म्हटलं, "थांबा मामा, फोन लावतेय." "लावा लावा," मामा म्हणाले, "माझं काय जातंय."

तर मी कामाला लागले. सगळ्यात आधी केल्या बोटांच्या टोप्या. पाकिटात दोन छोट्या कागदी टोप्या, बोटांवर घालायच्या, खायचं, टोप्या फेकायच्या. मला आवडल्या होत्या, खरं सांगते. ताईंनी एक बोटावर चढवली, बोट वर धरलं आणि म्हणाल्या, "हे डॉक्टरकडचं वाटतं. आता कुणीतरी मला झोपून रहा म्हणेल." मग केला चिमटा. साहेब म्हणाले, "चॉकलेट खायचंय की पायातला काटा काढायचाय?" मग मी वैतागून म्हटलं, "साहेब, आपण सरळ काडी लावू या का? चॉकलेटला काडी. काडी धरायची, चॉकलेट खायचं, बोटाला काही लागत नाही."

तुम्हाला सांगते, मीटिंगमध्ये सगळ्यांनी पेनं अशी खाली ठेवली, जशी काही मी कुणाच्या तरी मरणाची बातमी दिली. ताईंनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला. "काडी," त्या म्हणाल्या, "काडी आधी झालेली आहे गं."

झालेली आहे म्हणजे? चाकसुद्धा आधी झालेलंच आहे. ट्रक काय खांद्यावर उचलून नेता?

पण नाही. त्यांना नवीन हवं होतं. मग मी नळी केली. कागदाची नळी, आत मऊ कॅरमल, वर चॉकलेटचं टोपण, आणि खालून बूड असं अंगठ्याने वर ढकलायचं, की लिपस्टिकसारखं चॉकलेट वर येतं. खायचं, ढकलायचं, खायचं, ढकलायचं. साहेबांनी रिकामी नळी हातात घेतली, वर केली, खाली केली, उजेडात धरली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पेन्सिलीशिवाय बघितलं. "ही," म्हणाले. "हीच. आता चाचणी."

आता नीट ऐका, कारण इथेच सगळी मेख आहे.

चाखायच्या खोलीचा नियम. खाण्यापिण्याची कंपनी, त्यामुळे आत जायचं तर डोक्यावर टोपी, अंगात कोट, हातात मोजे. नियम चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. तर एकेक जण टोपी घालून, कोट घालून, मोजे घालून आत जायचा. मोजे घालून नळी ढकलायचा. मोजे घालून खायचा. मोजे घालूनच दार उघडून बाहेर यायचा. बाहेर ठेवलेल्या डब्यात मोजे काढून टाकायचा. आणि मग, मोजे काढल्यानंतर हं, पुढे उभ्या असलेल्या साहेबांसमोर दोन्ही हात धरायचा. शाळेत नखं बघायचे ना, अगदी तसं. साहेब स्वतः पांढरा रुमाल घेऊन प्रत्येकाच्या बोटावरून फिरवायचे. रुमाल बघायचे. आणि भरल्या गळ्याने म्हणायचे, "स्वच्छ." पुढचा. "स्वच्छ." पुढचा. "स्वच्छ."

आलं ना लक्षात? आलंच. तुम्हाला नुसतं ऐकून आलं. आमच्यात हिशेबवाले होते, प्रयोगशाळेतले होते, ताई होत्या, ज्यांना म्हणे गिऱ्हाइकाच्या मनातलं कळतं, आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट टाळ्या वाजल्या. डबा चिकट मोज्यांनी ओसंडून वाहत होता आणि शेजारी उभं राहून माणसं एकमेकांना स्वच्छ बोटांनी टाळ्या देत होती. मीही होते त्या रांगेत, खोटं कशाला बोलू, माझीही बोटं स्वच्छ निघाली आणि मीही लाजून हसले. फक्त त्यानंतर एकदा, रांग नसताना, आतमध्ये आईचा फोन आला म्हणून मी एक मोजा काढला होता, बोलले, आणि तसाच उघडा हात हँडलला लावला. तर ते हँडल. सगळ्या कंपनीत एक ते हँडलच काय ते खरं बोलत होतं.

रिंग जातेय. साहेबच. परत.

...नाही.

एक मिनिट, ताईंचा मेसेज आलाय. बघू... 'ककककपपपपपझझ'. हे काय? हे काय आहे? पुढे एक मांजराचं तोंड पाठवलंय आणि एक विमान. खुशीत दिसतायत. बाईंनी 'हो' म्हटलं असेल आणि यांनी नाचत नाचत टाइप केलं असेल. किंवा हे नवीन काहीतरी असेल, मार्केटिंगमधलं, आम्हाला कुठे शिकवलं होतं.

तर आज काय झालं? आज सकाळपासून धावपळीत जेवण झालं नाही, आणि इथे नमुन्यांची पेटी उघडी. मोजे काढलेले, कारण मोज्यांनी फोन चालत नाही. म्हटलं, एक नळी खाऊ, तेवढाच पोटाला आधार. आयुष्यात पहिल्यांदा, तुम्हाला सांगते, मी केलेली भरलेली नळी मी उघड्या हाताने धरली. आणि तळहात म्हणजे काय असतो? ऊब असते हो त्याला. त्या चाखायच्या खोलीत एसी असा, की बोलताना तोंडातून वाफ निघेल, त्यावर हातात मोजा, त्यामुळे कॅरमल बिचारं थंडीने काकडून जागच्या जागी उभं. इथे माझ्या उघड्या मुठीत त्याला ऊब मिळाली आणि ते सैलावलं. मी अंगठ्याने ढकललं वर, ते आलं खाली. बुडाच्या फटीतून. अंगठ्यावर, अंगठ्यावरून मनगटावर, मनगटावरून बाहीत. दुसऱ्या हाताने पुसायला गेले, तो हात गेला. केस मागे घ्यायला गेले, बरं तर बरं टोपी होती.

आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला. आई. मी अंगठा लावतेय, फोन म्हणतो, बोट ओळखता येत नाही. अरे, माझं मलाच ओळखता येत नाहीये. आई वाजत राहिली, मी तिच्याकडे बघत राहिले, शेवटी वाजायची थांबली. मग मी धावत बेसिनकडे गेले, कोपरापर्यंत हात धुतले, आणि तिला उलट फोन लावला.

आता आईने काय सांगावं?

"अगं, तुमच्या ऑफिसातून फोन होता. उद्या सकाळी पहिली गाडी आमच्या बालवाडीत येतेय. पोरांना फुकट वाटणार, फोटो काढणार. मी आमच्या सगळ्या बायांना सांगून ठेवलंय." मग ती जरा थांबली. माझी आई कधी थांबत नाही. "माझ्या मुलीने केलंय म्हणून सांगितलंय. मुख्य बाईंना तर म्हटलं, उद्या खाऊनंतर हात धुवायची रांग नको, पोरं नुसती बोटं वर करून दाखवतील. मी चेष्टा करत होते गं तुझी. पण खरंच जमवलंस की."

जी बाई इतके दिवस 'नळ आहे ना' म्हणत होती, ती आज नळ बंद करून बसली. माझ्यावर विश्वास ठेवून. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हो आई." पुसायचं आणि बसायचं, म्हटलं ना.

म्हणून मी फोन लावतेय. नाहीतर माझं काय अडलंय? मशीन सुरू होईल, मी पक्की होईन, लोक चिकटतील तर चिकटोत, त्यांच्या घरी नळ आहे. पण उद्या सकाळी एक बालवाडी भरून पोरं आईसमोर बोटं वर करणार, आणि तीच बोटं मग तिच्या पदराला पुसणार, आणि तिच्या मागे उभ्या राहून बाकीच्या बाया एकमेकींकडे बघणार. आणि आई मला घरी आल्यावर काही म्हणणार नाही. तेच तर. म्हणाली असती तर परवडलं असतं.

रिंग जातेय... जातेय...

मामांना म्हटलं, "मामा, हे सुरू नाही करायचं. बोटाला लागतंय."

मामा म्हणाले, "छ्या. मी मघाशी तीन खाल्ल्या. काही लागत नाही. हे बघा." आणि हात पुढे केला. मोज्यातला. तळव्यापासून नखापर्यंत सगळा तपकिरी.

"मग हे काय आहे मामा?"

"हा मोजा आहे."

"अहो पण त्याला लागलंय ना?"

"मोज्याला लागलंय," मामा मला समजावून सांगायला लागले, जसं लहान मुलाला सांगतात. "बोटाला कुठे लागलंय?"

बघा. आता कुणाला म्हणून हसायचं? साहेब वरच्या मजल्यावर बसतात, मामा खाली, मध्ये एवढे जिने, पण अक्कल अगदी एकाच टाकीतून आलेली. म्हटलं, "मामा, गिऱ्हाईक काय मोजे घालून खाणार आहे?" त्यावर मामांनी विचार केला. खरंच केला, टोपीवरून डोकं खाजवून. आणि म्हणाले, "मग पाकिटात एकेक मोजा घाला की."

आणि खरं सांगू? हेच जर ताईंनी मीटिंगमध्ये सांगितलं असतं ना, तर सगळ्यांनी लिहून घेतलं असतं.

"मग काय, टाकी बंद करून टाकू?" मामा म्हणाले. "पण तुम्ही सांगितलं म्हणून केलं, असं मी सांगणार. आणि टाकीत गोठलं तर तेही तुमच्याच नावावर."

माझं नाव. नळीवर नाव कंपनीचं, पेपरात पहिल्या पानावर फोटो साहेबांचा, टाळ्या ताईंना, आणि गोठलं की माझं. मी तोंड उघडलं, 'हो' म्हणायला, आणि तोंडातून आलं, "एक फोन लावून बघते." काय करू? कॉलेजात वेष्टनं शिकवली, 'हो' म्हणायला नाही शिकवलं.

रिंग जातेय. साहेब उचला. ताई उचला. कुणीतरी उचला हो. काय समजतात काय स्वतःला? मी शिकाऊ म्हणून माझा फोन फोन नाही? सगळे तिथे थंडगार हॉलमध्ये... नाही, थंडगार कसला, ताईंनीच सांगितलं होतं, फोटोसाठी मोठे दिवे लावलेत, नुसती भट्टी झालीय म्हणून... बसले असतील चॉकलेट खात, उघड्या हातांनी, आणि इकडे मी...

भोंगा.

अगं आई गं. हा भोंगा आमच्याच छपरावर का बसवला असेल? आणि मामांनी, बघा, एक क्षण नाही थांबले मामा, दाबलं बटण. मशीन हललं. पट्टा सुरू झाला. पहिली नळी आली, दुसरी आली, मग रांगच लागली, सगळ्या कशा ताठ, शिस्तीत, बालवाडीतली पोरं सहलीला निघावीत तशा, आणि भोंगा वाजतोय, मशीन धडधडतंय, आणि मी दचकले. म्हणजे अशी दचकले, की माझं कोपर मागे गेलं आणि मागे मशीन थांबवायचं मोठं लाल बटण होतं.

सगळं थांबलं. भोंगा पण त्याच वेळी संपला. इतकं शांत झालं, की टाकीत कॅरमलचा एक बुडबुडा फुटला तो ऐकू आला.

मामा बघतायत. मी बघतेय.

"हे काय केलं ताई?"

"दचकले मामा."

"दचकून बरोबर लाल बटणावर?"

"हो."

"ते बटण माझ्या खांद्याइतकं उंच आहे."

"जोरात दचकले."

आता तुम्हाला काय समजायचं ते समजा. दचकले मी. आई म्हणायचीच, दचकण्यापायी नोकरी जाईल, तर गेली. मुलगी आईच्या शब्दाबाहेर नाही, एवढं तरी लोक म्हणतील. आता फक्त साहेबांना सांगायचं, सरळ सांगायचं, की साहेब, मशीन मी बंद केलंय, का केलंय तर हँडल चिकट होतं, आणि तुम्ही सगळे, तुम्ही सगळे म्हणजे... थांबा. रिंग जातेय. जातेय... जातेय...

उचलला.

उचलला हो. हॅलो? साहेब? साहेब, मी बोलतेय, पॅकिंग हॉलमधून, ते मशीन, म्हणजे बटण, म्हणजे मी दचकले आणि हँडल...

"साहेब नाहीत फोनवर."

तो आवाज. कुकरच्या शिट्टीच्या आधीचा. दुकानवाल्या बाई.

"तुमच्या साहेबांची बोटं नळीला चिकटलीयत," बाई म्हणाल्या, अगदी शांतपणे. "तुमच्या ताई त्यांना सोडवायला गेल्या, आता त्याही चिकटल्यात. इथे कुणाच्याच बोटाला फोन दाद देत नाहीये. हा टेबलावर मघापासून वाजतोय म्हणून मी नाकाने उचललाय. काय ते लवकर बोला."

तुम्हाला सांगते, किती वाक्यं तयार केली होती मी. मोजे, रुमाल, एसी, तळहाताची ऊब, सगळं कसं एका पाठोपाठ एक, ताठ, शिस्तीत. त्यातलं एक बाहेर यायला तयार होईना.

म्हटलं, "काही नाही बाई. तिथे नळ आहे का, एवढंच विचारायचं होतं."